खांद्यावरची बॅग कमरेवर आली त्याची गोष्ट

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, आता "सावधान" म्हटलं की अंतरपाट खाली येणार आणि अक्षता उडणार, आणि नेमकं तेव्हा माझ्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. म्हणजे हात जाग्यावर होता, लेन्सखालीच होता, पण झूमची रिंग बोटाखाली आहे का नाही हेच कळेना. खानापूरचं लग्न, १२ वाजून २० मिनिटांचा मुहूर्त, दोन्हीकडची मिळून हजारभर माणसं. शटर दाबत राहिलो, दुसरं करणार काय. पण ७०-२०० ही जवळजवळ दीड किलोची लेन्स, तिचा सगळा तोल डाव्या हातावर असतो, तो हातच माझा राहिला नव्हता. अक्षतांचे अकरा फोटो काढले त्यातले आठ हललेले. सोबतचा पोरगा वाइड लेन्स घेऊन स्टेजजवळ होता म्हणून अल्बमात ते पान भरलं. पण नवरीच्या आईचा त्या क्षणाचा चेहरा फक्त माझ्या कोनातून दिसत होता आणि तो हललेल्या आठांत गेला. ती बाई मुलीकडं बघून रडत पण होती आणि हसत पण होती, आणि ते परत घडवून आणता येत नाही. मला ते अजून लागून राहिलंय.

कारण आदल्या रात्रीचं होतं. बेळगावात शिवजयंती तिथीनं, वैशाखात होते, आणि मग चित्ररथांची मिरवणूक, ती एकदा निघाली की पहाट झाली तरी संपत नाही. नरगुंदकर भावे चौकापासून मी बॅग खांद्यावर घेऊन फिरत होतो, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, धर्मवीर संभाजी चौक, गर्दीत एक पाऊल पुढं तर दोन मागं. बॅग एका खांद्यावर अडकवायची, डाव्या. उजव्या हातात कॅमेरा म्हणून डावा खांदा, आणि हे गेली सहा वर्षं असंच चाललं होतं.

मध्येच वळवाचा पाऊस आला आणि आम्ही सगळे एका दुकानाच्या पत्र्याखाली घुसलो. तिथं ढोलपथकातली एक मुलगी कमरेचा पट्टा सोडून परत आवळत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "काय ओ दादा, एवढं ओझं एकाच खांद्यावर घेऊन फिरालाय काय?" मी म्हटलं, तुझा ढोल काय कमी आहे का. तर म्हणाली, "आम्ही कमरंला बांधतो ओ, सगळा खांद्यावर घेतला असता तर दोन गल्ल्या बी झाल्या नसत्या." तिनं पट्टा पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावर घट्ट आवळला, आत जुन्या चादरीची घडी घातली आणि पाऊस थांबायच्या आधीच वाजवायला गेली पण. मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात ते आठवलं.

लग्न उरकून परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे बाबांच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. फाइव्ह डी मार्क फोर कॅमेरा बॅटरीसकट ८९० ग्रॅम. २४-७० लेन्स ८०५. ७०-२०० म्हणजे १४९० च्या आसपास. ८५ ची लेन्स ४२५, दुसऱ्या कॅमेऱ्याची नुसती बॉडी ७७०, फ्लॅश सेलशिवाय ४२५. इथंच पावणेपाच किलोच्या वर गेलं, त्यात सेल, चार्जर, पाण्याची बाटली, आणि रिकामी बॅगच दोन किलो. साडेआठ किलो! बाबा बघत होते, म्हणाले, "एवढी साखर गिऱ्हाइकाला एका हातात दिली तर तो शिव्या घालेल." डॉक्टरांनी पण तेच सांगितलं, मानेतून खांद्याखालून हातात जाणाऱ्या नसा पट्ट्याखाली तासन्‌तास दाबल्या गेल्या, आता बोटं परत ठीक झालीत पण असंच चालू ठेवलं तर पुढं त्रास वाढेल.

मग बॅग शोधायला लागलो. बेळगावातली दोन-तीन दुकानं झाली, एकदा कोल्हापूरला गेलो तिथं पण बघितली, आणि एक गोष्ट कळली की दुकानात प्रत्येक बॅग आरामशीर वाटते कारण ती रिकामी असते. मी एका दुकानात माझं सामान घालून बघतो म्हटलं तर दुकानदाराला आवडलं नाही. पाठीवरच्या मोठ्या बॅगा चांगल्या होत्या, वजन दोन्ही खांद्यांवर येतं, पण त्यांची चेन बाहेरच्या बाजूला, म्हणजे लेन्स काढायची तर बॅग जमिनीवर आडवी टाकायची, आणि मिरवणुकीत किंवा जांबोटीकडच्या चिखलात जमीन आणायची कुठनं? शिवाय गर्दीत मागची चेन कोण उघडतंय ते आपल्याला कळत नाही. ज्यांना कमरपट्टा होता त्यातल्या बऱ्याच बॅगांचा पट्टा इतका पातळ की तो फक्त बॅग हलू नये म्हणून, वजन घ्यायला नाहीच. आणि महत्त्वाचं म्हणजे मला ही बॅग रोज लागते, सकाळी वडगावहून स्टुडिओ, दुपारी पासपोर्ट फोटोची कामं, संध्याकाळी कुठंतरी बारसं, स्प्लेंडरवर नाहीतर लाल बसमध्ये. रोज पाठीवर ट्रेकिंगला निघाल्यासारखं मोठं धूड नको होतं.

वाचताना एक कळलं ते मला फार धीर देऊन गेलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया इन्क्वायरर पेपरचा फोटोग्राफर जिम डॉम्के, त्याला पण बाजारात मनासारखी बॅग मिळाली नाही, तेव्हा त्यानं १९७० च्या दशकात स्वतःच कॅनव्हासची मऊ बॅग तयार केली, अंगाला चिकटून बसणारी, आणि पुढं किती फोटोग्राफर ती वापरायला लागले. म्हटलं आपण पण शिवून घेऊया की.

आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं कॅम्पाच्या बाजूला जवानांचे पिट्ठू, म्हणजे पाठीवरच्या पिशव्या, दुरुस्त करणारे एक मामा मला माहीत होते. गेलो, जुनी बॅग दाखवली. ते म्हणाले, "सगळं सामान घेऊन या. रिकामी पिशवी बघून मी काय करू?" हेच मला दुकानात कोणी म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सामान नेलं, त्यांनी मला उभं केलं, वाकवलं, माझ्याच गाडीवर बसवलं, कमरेचं हाड चाचपून तिथं खडूनं शर्टावर खूण केली. जड लेन्स पाठीला चिकटून आणि मध्यावर, हलकं सामान बाहेर, असं सांगितलं. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की ती मागं ओढते आणि ते ओढणं खांदा सोसतो.

पट्टा जिथं बॅगेला जोडलाय तिथं त्यांनी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई घातली, त्याच चौकोनावरून तीन वेळा मशीन फिरवलं. कापड १००० डेनियरचं नायलॉन, डेनियर म्हणजे काय हे त्यांनीच सांगितलं, ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर. आत स्पंज घालू दिला नाही. माझ्या जुन्या बॅगेत स्पंज होता, पाणी पिऊन दोन दोन दिवस ओला राहायचा, आणि आमच्याकडं खानापूर-कणकुंबीच्या पावसात लेन्सला बुरशी धरायला तेवढं पुरतं. त्यांनी चपलेच्या तळव्याला असतो तसला फोम लावला, तो पाणी धरत नाही. आणि चेन पाठीकडच्या बाजूला, हा माझा हट्ट. आता खांद्याचे पट्टे काढायचे, कमरपट्टा तसाच ठेवायचा, बॅग फिरवून पोटावर घ्यायची, ती टेबलासारखी पुढं उभी राहते आणि उभ्या उभ्या लेन्स बदलता येते. चौदा दिवस लागले आणि २,४०० रुपये. त्यातले चार दिवस फक्त कमरपट्ट्यावर गेले, कारण पहिला त्यांनाच पसंत पडला नाही, उसवून टाकला.

जूनमध्ये जांबोटीच्या पुढं एक लग्न होतं, दिवसभर झोड. घरी येऊन बॅग उघडली, तळातला नॅपकिन कोरडा, सिलिका जेलच्या पुडीतले दाणे निळेच, ओल लागली असती तर गुलाबी झाले असते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा बॅग अंगावर होती, आणि रात्री जेवताना डाव्या हातानं पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा त्याचा गारवा प्रत्येक बोटाला लागत होता.

एक राहिलंय, मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी स्टँड, बाजूला बांधला की बसमधनं उतरताना दाराला अडकतो. सोमवारी मामांकडं परत जाणार आहे, सामान सगळं घेऊन.