टाकीतला एप्टेशिया आणि नागपूरचा उन्हाळा

खाऱ्या पाण्याच्या टाकीत एप्टेशिया दिसला की त्याला खरवडू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

हा फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांपैकी एक, बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, जवळजवळ आरपार दिसणारा अ‍ॅनिमोन खडकावरून सरकताना आपल्या तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडत जातो. त्या तुकड्यांना पुढे स्वतःचं तोंड आणि स्पर्शिका फुटतात. ब्रशने घासा, चिमट्याने ओढा, ब्लेडने खरडा, छिद्रात उरलेल्या कणांतून पुन्हा तोच संसार उभा राहतो. प्रवाळ आणि त्याच्या पेशींत राहणारं शैवाल यांचं नातं अभ्यासायला शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम एप्टेशिया वाढवतात, कारण तो भराभर वाढतो आणि सहजी मरत नाही. त्यांची सोय ती आपली डोकेदुखी.

माझी टाकी नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या आतल्या भिंतीला लागून आहे. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. हिशेबाने १९० लिटर, पण खडक आणि वाळू वजा जाता पाणी बरंच कमी. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी हे मासे, एक क्लीनर श्रिम्प म्हणजे कोळंबी आणि बाकी मऊ प्रवाळ, म्हणजे मश्रूम आणि झोअँथिड. कठीण प्रवाळ मी ठेवत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ‘मॅडम, छोटा तुकडा आणून देऊ का’ असं विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. खडकही सिरॅमिकचाच आहे. एप्टेशिया आला तो एका परिचितांनी दिलेल्या मश्रूमच्या दगडाखालून. त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही, भेगेत बसलेला मोहरीएवढा अ‍ॅनिमोन भल्याभल्यांना दिसत नाही.

आधी ओळख पक्की करावी लागते. फेदर डस्टर नावाचा निरुपद्रवी नळीकृमीही असाच खडकातून डोकावतो, पण त्याचा तुरा पिसांसारखा असतो आणि तो नळीत राहतो. मजानो हा दुसरा उपद्रवी अ‍ॅनिमोन. त्याच्या स्पर्शिका आखूड, टोकाशी गोलसर फुगलेल्या, रंगाला हिरवट. दिसायला देखणा, म्हणून काही जण त्याला कौतुकाने ठेवतात आणि मग पस्तावतात. एप्टेशियाच्या स्पर्शिका लांब आणि निमुळत्या, तोंड मधल्या उंचवट्यावर. नुसती काडी जवळ नेली तरी तो छिद्रात गडप होतो. फार डिवचला तर अंगातून पांढरे धागे सोडतो आणि त्यांत डंख करणाऱ्या पेशी असतात. माझ्या झोअँथिडची एक रांग उमलेनाशी झाली होती. तिच्या कडेला भिंगातून पाहिलं तर तिथे हे महाशय.

औषधाच्या आधी मी खाणं कमी केलं. एप्टेशिया वाढतो तो माशांच्या ताटातल्या उरल्यासुरल्यावर. गोठवलेले मायसिस, म्हणजे माशांना घालायचे कोळंबीसारखे बारीक जीव, मी गाळणीत आरओच्या पाण्याने धुऊन घालायला लागले. त्यांचा बर्फ वितळल्यावरचं गढूळ पाणी सरळ टाकीत ओतणं म्हणजे एप्टेशियाला बासुंदी वाढणं. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र, त्याचा कप वेळच्या वेळी साफ केला. नायट्रेट ४० च्या घरात होतं, ते हळूहळू १० च्या आसपास आणलं. शून्यावर मात्र नेऊ नका. मऊ प्रवाळांनाही थोडं लागतं, आणि पोषण अगदीच संपलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशी जीवांचा चिकट तपकिरी थर चढतो, तो निस्तरणं याहून अवघड. उपासमारीने एप्टेशिया मरत नाही, त्याच्या अंगातलं शैवाल त्याला उजेडावर पोसतं. दिवे बंद करूनही फायदा नाही. शैवाल गेलं तर तो पांढुरका होतो आणि हाती लागेल ते खाऊन अंधारात तग धरतो. खाणं कमी केल्याने फक्त नवे निघण्याचा वेग उतरतो. पण तो उतरल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं.

मग चुना. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा भाग माझ्या आवडीचा. बाजारात एप्टेशियासाठी तयार द्रावणं मिळतात आणि ती चांगली चालतात, पण महाग पडतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट तेच काम करते. सासऱ्यांना मी सहज विचारलं, ‘बाबा, तुमच्या डबीतला चुना किती दिवसांचा असतो हो?’ तर ते म्हणाले, ‘काय गं, आता पान खाऊन राहिली का तू?’ त्यांनी डबी पुढेही केली. मी ती घेतली नाही. पानाचा चुना मुळात तोच पदार्थ, पण त्यात आणखी काय मिसळलंय ते डबीवर लिहिलेलं नसतं. शिवाय उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा खडू होत जातो. अकरावीच्या पोरांना चुन्याच्या निवळीत फुंकून जे दुधाळ होताना दाखवतो, तेच. खडूने एप्टेशियाला काही होत नाही. म्हणून प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पूड आणली आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली. दर वेळी चमचाभर पूड आरओच्या पाण्यात ताजी कालवायची, घट्ट दह्याइतपत.

चुन्याच्या संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो आणि समुद्राच्या पाण्याचा साधारण ८.१ ते ८.३. या फरकानेच एप्टेशिया जळतो, आणि हात सैल सुटला तर टाकीही. हातमोजे आणि चष्मा घालूनच बसावं, डोळ्यात उडालेला चुना ही थट्टेची गोष्ट नाही. सगळे पंप बंद करायचे. सिरिंजला टोक बोथट केलेली लांब सुई लावायची आणि वरून अगदी सावकाश खाली उतरायचं. सावली पडली किंवा पाणी हललं की तो आत जातो, मग त्या दिवशी त्याचा नाद सोडायचा. मी आधी मायसिसच्या पाण्याचा एक थेंब तोंडाजवळ सोडते. खायला मिळालं म्हणून तो तोंड उघडतो, तेवढ्यात पेस्ट नेमकी तोंडावर ठेवायची आणि वरून सगळा झाकून टाकायचा. पंधरा-वीस मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. मग उरलेली पेस्ट नळीने ओढून काढायची आणि पंप सुरू करायचे. एका बैठकीला चार-पाचच. पीएच ८.५ च्या वर चढताना दिसला की थांबायचं, नाहीतर पाण्यातलं कॅल्शियम पांढरं होऊन खाली बसायला लागतं. झोअँथिडला चिकटून बसलेल्यांवर चुना वापरायचाच नाही, कारण पेस्ट ओघळते.

लिंबाचा रस आणि व्हिनेगर टोचणारेही आहेत. मीही लिंबू पिळून पाहिलं. लहानग्यांवर चालतं, मोठे अर्धमेले होतात आणि बाजूला पुन्हा उगवतात. संत्र्याच्या गावाने लिंबाकडून फार अपेक्षा ठेवू नये. तांब्याचं औषध टाका असंही एकाने सुचवलं. त्याने एप्टेशियाबरोबर श्रिम्प, गोगलगायी आणि प्रवाळ सगळेच जातील, वर तांबं खडकात मुरून बसेल ते वेगळंच.

खडक उकळून काढा, हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. झोअँथिड आणि त्यांचे जातभाई पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते ज्ञात विषांतल्या अतिजहाल विषांपैकी एक आहे. असा खडक उकळला की वाफेबरोबर ते घरभर पसरतं. देशोदेशी अशा प्रकारांनी अख्खी कुटुंबं इस्पितळात गेली आहेत. माझ्याकडे त्याहून सोपी सोय होती, ती म्हणजे मे महिन्यातली गच्ची. ज्यांवर एकही झोअँथिड नव्हता असे सुटे दगड मी वर नेऊन पसरले. पारा ४५ च्या पुढे, स्लॅबला पाय टेकवत नाही असं ऊन. दगड आतपर्यंत कोरडे ठणठणीत झाल्यावर वेगळ्या बादलीत खाऱ्या पाण्यात पंप लावून ठेवले. आत मेलेलं सगळं कुजून अमोनिया वर जातो आणि मग खाली येतो. तो शून्यावर आल्यावरच दगड टाकीत गेले. नागपूरच्या उन्हाळ्याचा समुद्री टाकीला झालेला हा बहुधा एकमेव फायदा.

कारण एरवी उन्हाळा एप्टेशियाच्याच बाजूने असतो. पाणी २६ अंशांवर ठेवायला मी टाकीवर छोटे पंखे लावते. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. पण हॉलमध्ये कूलर सुरू केला की खोली थंड होते आणि हवा दमट, मग टाकीवरच्या पंख्यांचा जोर निम्मा होतो. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ आरओच्या पाण्याची भर घालून घनता १.०२५ वर धरावी लागते. दुपारी लाइट गेली आणि पाणी ३० वर चढलं की मासे वर येऊन धापा टाकतात, मश्रूम आक्रसतात. एप्टेशिया मात्र तसाच फुललेला.

उघड्यावरचे चुन्याने गेले. राहिले ते खडकाच्या पोटातले, जिथे सुई पोचत नाही. त्यांच्यासाठी पेपरमिंट श्रिम्प, ही एप्टेशिया खाणारी कोळंबी. उन्हाळ्यात पार्सल मागवण्यात अर्थ नव्हता, दिवाळीनंतर मुंबईहून मागवले. आले ते भलतेच. पाठीवर उंच कुबड, लाल अंगावर ठळक पांढरे पट्टे, मोठे डोळे: हे कॅमल श्रिम्प. ते एप्टेशिया सोडून झोअँथिडच कुरतडतात. विक्रेता फोनवर म्हणत होता, ‘मॅडम, तेच आहेत हो, लहान आहेत म्हणून तसे दिसून राहिले.’ मी पिशवी न उघडता परत केली. खऱ्या पेपरमिंटचं अंग फिकट, अर्धपारदर्शक असतं आणि त्यावर बारीक लाल रेघा. पुढच्या वेळी आधी फोटो मागवला आणि मगच पैसे पाठवले.

थेंबथेंब पाणी देत त्यांना रुळवलं. दिवसा ते दिसतच नाहीत. रात्री टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून पाहिलं तर एक जण भेगेत तोंड घालून स्पर्शिका ओढत होता. ते लहान एप्टेशिया खातात, मोठ्यांच्या वाटेला जात नाहीत. काही तर मुळीच खात नाहीत, आणि माशांचं खाणं आयतं मिळालं तर कुणीच खात नाही. पहिल्यांदा खाणं कमी केलं होतं त्याचा इथे दुसऱ्यांदा उपयोग झाला.

इतर उपायांवर माझं मत थोडक्यात. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, म्हणून सगळ्यात उत्तम, पण एप्टेशिया संपला की तीही उपाशी मरते, आणि आपल्याकडे ती मिळणं कठीण. एप्टेशिया खाणाऱ्या कॉपरबँड बटरफ्लायफिशला माझी टाकी लहान पडते, आणि तो खायला हट्टी. एप्टेशिया खाणारा फाइलफिश झोअँथिडलाही चोच मारू शकतो, म्हणून तो मी टाळला.

सध्या समोरच्या खडकावर एकही नाही. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जिथून टाकीतलं पाणी बाहेर पडतं तिथल्या, जाळीमागे एक-दोन आहेत, तिथे कुणाला डंखण्यासारखं काही नाही, म्हणून दिसला की सुई, एवढंच. नवं काही आलं तर आधी वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे राहतं. डिपमध्ये, म्हणजे कीड मारायच्या द्रावणात, बुडवून एप्टेशिया जाईलच याची खात्री नसते, त्यामुळे बुडवण्यापेक्षा भिंगाने बघण्यावर माझा भर. नव्या प्रवाळाखालचा दगडाचा बुडखा शक्यतो कापूनच टाकते.

आणि माझ्याकडे मश्रूम मागायला येणाऱ्यांना दगडासकट काही मिळत नाही. मश्रूम देठापासून कापून मी तो नव्या सिरॅमिकच्या खड्यांबरोबर वाटीत ठेवते, वर जाळी बांधते, कारण प्रवाहात तो वाहून जातो. खड्याला चिकटला की तपासून देते. आठ-पंधरा दिवस लागतात. घाई असेल त्यांनी दुकानातून घ्यावा.