विझवलेला चुना

मागच्या महिन्यात आजीच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला : 'आपले खाते निष्क्रिय करण्यात आले आहे.' आजीने तो तीनदा वाचला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"निष्क्रिय म्हणजे दोन वर्षं तू त्यात पैसे टाकले नाहीत की काढले नाहीत. म्हणजे काही क्रिया झाली नाही."

"क्रिया तं मरेल मानूसनी करतस. मी जित्ती शे ना!"

यावर काय बोलणार? अमळनेरजवळच्या आमच्या घरात आजवर कुणी काही निष्क्रिय केलेलं नाही. चूल विझवतात, पण देवापुढचा दिवा नाही. तो शांत होतो. मळ्यातली मोटार लाल बटण दाबून बंद करतात, कारण उद्या लाइट आली की ती चालू करायचीच असते. दुकान वाढवतात, बांगडीही वाढवतात, नाहीतर 'फुटली' म्हणावं लागेल. कारल्याचा कडूपणा मात्र सरळ मिठाने मारतात, तिथे आडपडदा नाही. आणि बॉम्ब निकामी करतात तो पेपरात.

या सगळ्यांत मला कोड्यात टाकलं ते चुना विझवण्याने. दिवाळीआधी घर पांढरं करायला कळीचा चुना यायचा, दगडासारखी पांढरी ढेकळं. पत्र्याच्या पिंपात टाकून वरून पाणी ओतलं की क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग एखादं ढेकूळ तडकायचं, चर्र आवाज यायचा आणि बघता बघता अख्खं पिंप खदखदायला लागायचं. वाफेने डोळे चुरचुरायचे. "लांब व्हा रे, चुना विझवतोय," काका ओरडायचे. चुलीत पाणी टाकलं की ती गार पडते. मग हे कसलं विझवणं? शाळेत उत्तर मिळालं : चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो, आणि त्याला पाणी मिळालं की भरपूर उष्णता बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी तोच चुना लोण्यासारखा मऊ. फडक्यातून गाळायचा, थोडी नीळ घालायची, की भिंतीवर चढायला तयार. म्हणजे विझवल्याशिवाय तो कामाचाच नाही!

बँकेतल्या साहेबांनी आजीचं आधार कार्ड पाहिलं, फॉर्म भरून घेतला. निष्क्रिय खात्यावरही बचतीचं व्याज जमा होत राहतं, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हा मला ते पिंप आठवलं.

चार दिवसांनी खातं उघडलं. आता एखादा व्यवहार करा, म्हणाले. आजीने शंभर रुपये काढले, नोट उजेडात धरून पाहिली, पदराच्या गाठीत बांधली आणि पायरी उतरताना मला विचारलं,

"व्हयनी का क्रिया?"