चार आजारांची लक्षणे आणि एक कारण : माझा अनुभव

आजार नेमका कधी सुरू झाला हे मला आजही सांगता येणार नाही. दुपार होईपर्यंत अंगातले त्राण संपून जाई, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई आणि वर्षभरात माझे वजन आठ किलोंनी घटले होते. परंतु हे सगळे इतके सावकाश घडले की प्रत्येक तक्रारीला त्या त्या वेळी एखादे साधे कारण लावता आले.

पहिल्या डॉक्टरांनी नेहमीच्या आजारांपासून सुरुवात केली आणि ते योग्यच होते. थकवा घेऊन आलेल्या रुग्णाला बहुधा नेहमीचाच आजार असतो: लोह कमी पडल्याने हिमोग्लोबिन घटते आणि पेशींना प्राणवायू पुरत नाही, मधुमेहात इन्शुलिन अपुरे किंवा निष्प्रभ ठरल्याने साखर रक्तातच राहते, थायरॉइड मंदावला की साऱ्या शरीराचा वेग कमी होतो. माझे हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढले, थकवा मात्र तसाच राहिला. कारण दूर होऊनही लक्षण टिकले, तर ते कारण अपुरे होते, हा निष्कर्ष तेव्हाच निघायला हवा होता. तो डॉक्टरांनी काढला नाही आणि मलाही सुचला नाही.

दुसऱ्या डॉक्टरांना नैराश्याची शंका आली. नैराश्य हा खराखुरा आजार आहे आणि त्यातही थकवा व अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे असतात, त्यामुळे त्या निदानाचा मला राग आला नाही. तरीही उभे राहताच येणारी चक्कर त्यात बसत नव्हती.

यानंतर जे झाले, ते मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. पुढच्या तपासणीत माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, किंचित वाढलेला आढळला, म्हणून थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी सुरू झाली आणि तीन आठवड्यांत माझी प्रकृती सुधारण्याऐवजी ढासळली. उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागले आणि एका सकाळी मी उठताना कोसळले. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब ८०/५० होता. रक्तातील सोडियम १२२ होते, जे साधारणपणे १३५ ते १४५ असायला हवे, आणि पोटॅशियम ५.९ म्हणजे प्रमाणाबाहेर वाढलेले होते. त्या दिवशी तातडीच्या विभागात असलेल्या तरुण डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पाहून माझे दोन्ही तळहात उघडायला सांगितले, हिरड्या पाहिल्या आणि विचारले, "तुम्हाला अलीकडे मीठ जास्त खावेसे वाटते का?" वाटत होते. तळहातांवरच्या रेषा आणि हिरड्या काळसर झाल्या होत्या, आणि घरातल्या सर्वांनी माझ्या काळवंडलेल्या रंगाला उन्हाचा दोष दिला होता. कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या तपासणीसाठी रक्त काढून घेतल्यावर, रिपोर्टची वाट न पाहता, त्यांनी सलाईन आणि कॉर्टिसॉलची भरपाई करणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले. संध्याकाळपर्यंत मी आधाराशिवाय बसू शकत होते.

निदान ॲडिसनच्या आजाराचे झाले. दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. तिचे बाहेरचे आवरण कॉर्टिसॉल आणि आल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करते. आल्डोस्टेरॉन कमी पडले की मूत्रावाटे मीठ निसटते, पोटॅशियम साठते आणि रक्तदाब उतरतो. कॉर्टिसॉल कमी पडले की शरीराला साधा ताणही पेलवत नाही. कॉर्टिसॉल वाढवण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडते आणि तेच वाढलेले एसीटीएच त्वचेतील रंगद्रव्यालाही चालना देते, म्हणून रंग काळवंडतो. थायरॉक्सिनने प्रकृती का बिघडली, याचेही उत्तर येथेच होते. कॉर्टिसॉलच्या अभावानेच टीएसएच थोडा वाढू शकतो, आणि थायरॉक्सिनमुळे शरीराचा वेग वाढून उरलेसुरले कॉर्टिसॉलही लवकर संपते.

पुढील तपासण्या तुलनेने सोप्या होत्या. माझे सकाळचे कॉर्टिसॉल अत्यल्प आणि एसीटीएच अनेक पटींनी जास्त निघाले. प्रकृती स्थिरावल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तात्पुरती थांबवून, कृत्रिम एसीटीएचचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी रक्त तपासले, तरी ग्रंथीने प्रतिसाद दिला नाही. मग ग्रंथी कशाने निकामी झाली, हा प्रश्न उरला. लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये हा आजार मांडला तेव्हा क्षयरोग हे त्याचे मोठे कारण होते, आणि जेथे क्षयरोग अधिक आहे तेथे आजही त्याची शक्यता तपासावी लागते. माझ्या छातीत आणि सीटी स्कॅनमध्ये क्षयाच्या खुणा नव्हत्या. याच ग्रंथीत संप्रेरके तयार करायला लागणाऱ्या २१-हायड्रॉक्सिलेज या विकराविरुद्धची (एन्झाइमविरुद्धची) प्रतिपिंडे मात्र रक्तात सापडली. म्हणजे माझ्याच रोगप्रतिकार यंत्रणेने ही ग्रंथी नष्ट केली होती.

घरी आल्यावर मी सगळे जुने कागद तारखांप्रमाणे लावले. नऊ महिन्यांपूर्वीच्या एका रिपोर्टमध्ये सोडियम १३१ होते आणि त्यापुढे कमी असल्याची खूणही छापलेली होती. तेव्हाचे डॉक्टर हिमोग्लोबिन पाहत होते आणि मी फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ही गोष्ट मला अजूनही लागून राहिली आहे. ॲडिसनचा आजार दुर्मिळ आहे, युरोपातील नोंदींनुसार दहा लाखांमागे साधारण १०० ते १४० जणांना तो असतो, त्यामुळे तो कोणाला लगेच आठवला नाही हे मी समजू शकते. परंतु थकवा, घटते वजन, चक्कर आणि उतरलेले सोडियम एकाच कागदावर एकाखाली एक लिहिले असते, तर तो आठवण्याची शक्यता नक्कीच वाढली असती. तो कागद मी आता स्वतः तयार ठेवते.

आता मी रोज हायड्रोकॉर्टिसोन तीन भागांत विभागून आणि आल्डोस्टेरॉनचे काम करणाऱ्या फ्लूड्रोकॉर्टिसोनची एक गोळी घेते. ताप आल्यास मात्रा दुप्पट करायची, उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन घेऊन तातडीने रुग्णालय गाठायचे, आणि गोळ्या स्वतःहून कधीही बंद करायच्या नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला मी शिकवले आहे. आजाराचे नाव लिहिलेले कार्ड पाकिटात असते. थायरॉक्सिन डॉक्टरांनी त्याच वेळी थांबवले होते. कॉर्टिसॉलची भरपाई सुरू झाल्यावर काही महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासला, तेव्हा तो कोणत्याही गोळीशिवाय पूर्ववत झाला होता.