बडोद्याचं विद्यापीठ लेकीसोबत पाहताना

अकरावीतल्या गौरीला घेऊन जानेवारीत दोन दिवस बडोद्याला जाऊन आलो. बारावीनंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायला जायचं का, हा घरातला प्रश्न. आम्ही जळगावचे, सुरतमार्गे रेल्वेनं एका रात्रीचा प्रवास. अकरावीतच गेलो हे फार बरं झालं. बारावीत मुलांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि निकालानंतर जावं तर सुट्टीमुळे वर्ग रिकामे. कॉलेज चालू असताना, कामाच्या वारीच जा.

दांडिया बाजारात आत्याकडे उतरलो. तिची पाच दशकं बडोद्यात गेली आहेत. वर्तमानपत्राला ती ‘छापं’ म्हणते, पण संकष्टीचे मोदक अजून हातवळणीचेच करते. विद्यापीठ कुठे आहे, असं गौरीनं विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, कुठे म्हणून काय विचारतेस? गावभर आहे!” ते अक्षरशः खरं आहे. एका आवारात सगळं सापडेल या समजुतीनं गेलात तर दिवस फुकट जाईल. आर्ट्स आणि सायन्स स्टेशनजवळ सयाजीगंजच्या बाजूला, तंत्रज्ञान शाखा कलाभवनात, आणि संगीत-नृत्य-नाट्याचं कॉलेज सूरसागर तलावापाशी. आपली शाखा कुठे भरते हे आधी पाहून मगच राहण्याची जागा शोधा.

पहिल्या सकाळी आत्याच्या घरून चालतच सूरसागरला गेलो. सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा ती हीच. खिडकीतून तबल्याचे बोल ऐकू येत होते. तिथून कलाभवन. १८९० साली हातांना काम शिकवण्यासाठी निघालेली ही संस्था. आपले दादासाहेब फाळके इथले विद्यार्थी. अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्या प्रवेशाची गुजरातची राज्यपातळीवरची समिती वेगळी आहे. बाकीच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून ‘जीकॅस’ नावाच्या सामायिक पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. बाहेरच्या बोर्डातून जाणाऱ्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावं, आणि बाहेरच्यांना जागा किती हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचावं, नातेवाइकांच्या आठवणींवर विसंबू नये.

रिक्षानं काळा घोडा चौकात उतरलो. विश्वामित्री नदीच्या पुलावरून खाली पाहिलं तर काठावर मगर दिसू शकते. पुलावरूनच पाहा, काठाशी उतरू नका. शेजारी कमाटी बाग. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये जातीमुळे या शहरात राहायला खोली मिळेना, तेव्हा ते या बागेत येऊन बसले होते. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून जपली आहे. मुलीसाठी वसतिगृहाची चौकशी करायला निघालेला मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. गौरीही गप्प होती.

आर्ट्सचा घुमट स्टेशनकडून येताना लांबूनच दिसतो. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज ते हेच, इमारत चिझम या वास्तुविशारदाची. अरविंद घोष इथे शिकवायचे, विनोबा इथे शिकले. विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, आणि पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसं’ असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच. त्यांच्या नावाचं ग्रंथालय गौरीला दाखवताना हे मी मुद्दाम सांगितलं.

पण घुमटाखाली फोटो काढून परत फिरू नका. इमारत तीन वर्षं शिकवत नाही, विभाग शिकवतो. विभागाच्या दारात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. पहिल्या वर्षाची अजून भांबावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या घाईत. सायन्सच्या पायऱ्यांवर बसलेल्या दोघींना मी विचारलं, शिकवणं कोणत्या भाषेत? “काका, वर्गात इंग्रजी, समजावताना कधी गुजराती. पहिलं सत्र जड जातं, मग कान तयार होतो.” प्रात्यक्षिकांना किती मुलं असतात, हजेरी कशी मोजतात, मेस कुठली बरी, सगळं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. हे प्रश्न पालकांनी विचारण्यापेक्षा मुलांनी विचारावेत. मी बाजूला चहा घ्यायला गेलो तेव्हा गौरी जास्त बोलली, हे माझ्या लक्षात आलं. सोबत शाळेचं ओळखपत्र असू द्या, गेटवर विचारतात.

मी सायन्स डोक्यात ठेवून आलो होतो. गौरी रोज चित्रं काढते, म्हणून दुसऱ्या दिवशी तासभर फाइन आर्ट्स पाहू म्हटलं. साडेदहाला आत गेलो आणि चार वाजून गेले. १९५० साली निघालेली ही शाखा. चित्रकार ना. श्री. बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रह्मण्यन यांनी ती घडवली. पण तिथे गेल्यावर इतिहासापेक्षा हात दिसतात. झाडाखाली दगडावर छिन्नी चालू, मुद्रणाच्या खोलीत शाईचा वास, कुणी मातीत कोपरापर्यंत. कुणीही आम्हाला हटकलं नाही. सिरॅमिकच्या एका ताईनं गौरीच्या हातात मातीचा गोळा दिला आणि म्हणाली, “आधी नुसती मळ.” गौरीनं वीस मिनिटं माती मळली. एवढा वेळ ती घरी पोळ्यांच्या कणकेला देत नाही, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दहावीच्या निकालादिवशीही पाहिलं नव्हतं. इथे कल चाचणी असते, तेव्हा स्वतःच्या रेखाटनांची वही जवळ ठेवा. गौरीची वही उलटताना ताईनं सांगितलं की छायाचित्रांवरून उतरवलेली चित्रं बाजूला ठेव, समोर बसलेल्या माणसांची रोज काढ. आमचा निर्णय अजून झालेला नाही. शुल्काइतकाच साहित्याचा खर्च धरावा लागेल, आणि चार वर्षांनंतर पोट कशावर, हा माझा प्रश्न जागेवरच आहे. पण तो प्रश्न मी आता तिच्यासोबत बसून सोडवणार आहे.

जेवणासाठी लांब जाऊ नका, सेवउसळ जवळपास कुठेही मिळते. तिखट सोसत नसेल तर रस्सा कमी घ्यायला सांगा.

एक चूक मात्र टाळा. परतीचं तिकीट मी संध्याकाळी साडेपाचचं काढलं होतं. सहाला सिरॅमिकची भट्टी उघडायची होती आणि आठवडाभराची भांडी बाहेर यायची होती. ताई म्हणाली, “थांब ना, हेच तर बघायचं असतं.” थांबता आलं नाही. रात्रीच्या गाडीनं निघा. ताईनं फोटो पाठवला तेव्हा आमची गाडी सुरतेत उभी होती. निळ्या झिलईची सहा भांडी, एकाला तडा गेलेला. गौरी त्या तडा गेलेल्या भांड्याकडेच पाहत होती.