भोगवे ते निवती खालून जाऊ नका : ऑक्टोबरात तंबू घेऊन दक्षिण कोकण

भोगव्याच्या वाळूच्या पुळणीवरून खडकांच्या कडेकडेने निवतीला जाऊ नका. ओहोटीला नको, सकाळी नको, पाठीवर ओझं असताना तर मुळीच नको. वर सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या पठारावरून, वाट आहे, ती धरा. पुढचं वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

सिंधुदुर्गातला मालवण ते शिरोडा किनारा तंबू पाठीवर घेऊन चालायचा असं ठरवलं, तेव्हा या टप्प्याबद्दल जो व्हिडिओ उघडावा त्यात एकच वाक्य: ‘खालून वीस मिनिटांत पोचता, व्ह्यू एक नंबर.’ वीस मिनिटं ड्रोनला लागत असतील. आम्हाला तीन तास लागले. आणि आम्ही काही पहिल्यांदा सॅक उचललेली माणसं नाही.

वेळ आम्ही नीट बघितली होती. कोजागिरी उलटून गेलेली, वद्य दशमी. इथला जुना हिशोब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. दशमी म्हणजे साडेसात. त्याच्या अलीकडे-पलीकडे सहा तासांवर ओहोटी, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला हे पुरतं. शिवाय दशमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. साडेबाराला निघालो. कागदावर यापेक्षा चांगली वेळ नाही.

सुरुवातीचे खडक मोठे आणि कोरडे आहेत. तेवढाच भाग व्हिडिओत दिसतो. पुढे डोंगर सरळ पाण्यात उतरतो आणि मग खडक ओले, शेवाळलेले, वर कालवं, म्हणजे धारदार कडांचे शिंपले, चिकटलेली. कालवांच्या कडेवर तळहात टेकला की आधी काहीच वाटत नाही. खारं पाणी लागलं की कळतं. आमच्यातल्या एकाचा हात अंगठ्याच्या बुडाशी असा कापला, की पुढचा सगळा रस्ता त्याने एका हाताने काढला. बारा किलोची सॅक असली की उडी मारता येत नाही, बसून उतरावं लागतं, आणि बसायला जागा म्हणजे पुन्हा कालवंच. मध्ये दोन घळी आहेत. पहिली रिकामी होती. दुसरीपर्यंत पोचेस्तोवर पाणी परत चढायला लागलेलं. कमरेइतक्या पाण्यातून सॅका डोक्यावर धरून पार केली. हे भांगाचं पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथे काय होत असेल, ते ज्याला बघायचं त्याने वरून बघावं. मोबाईलला रेंज नाही, वर चढून जायला जागा नाही, आणि मागे फिरायचं तर तेच खडक पुन्हा.

पलीकडे बाहेर पडलो तिथे एक आजी कोयतीने कालवं काढत होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "खयसून इलास?"

"भोगव्याहून. खालून."

"सड्यार वाट आसा मगे. थयसून येवक काय झाला?"

याला उत्तर नव्हतं.

सड्यावरच्या वाटेत ऊन आहे, सावली शून्य, पण पायाखाली जांभा आणि वाळत आलेलं गवत. सकाळी सातच्या आत निघा. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत हात घालू नका, गवतात टॉर्चशिवाय पाय टाकू नका. या भागात फुरसं भरपूर, आणि भातकापणीच्या दिवसांत ते शेताच्या कडेलाही येतं. आकाराने एवढंसं म्हणून सोडून देऊ नका. चावलं तर बांधाबांधी, चिरणं, मांत्रिक काही नाही, तडक सरकारी दवाखाना. आपल्याकडची सर्पदंशाची लस ज्या चार सापांवर चालते त्यात फुरसं आहे.

आता दुसरी तक्रार, होडीची. मालवणहून तारकर्ली, देवबाग चालत आलात की समोर कर्ली नदीचं मुख आणि पलीकडे भोगवे. हाकेच्या अंतरावर. रस्त्याने जायचं तर उलटं फिरून चौके, धामापूर, नेरूरपारचा पूल, परुळे असा मोठा वळसा. त्यामुळे होडीवाला म्हणेल ती पूर्वदिशा. आम्हाला सांगितलेला दर माणशी पाचशे, ‘डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंडसकट’. डॉल्फिन नको, बेट नको, फक्त पलीकडे सोडा म्हटलं, तर तोच दर. परत यायचंच नाही, तरी येण्याजाण्याचे पैसे. तासभर घासाघीस करून शेवटी तिघांचे मिळून सहाशे झाले. पोहोचायला लागलेला वेळ तासभराच्या घासाघीशीपुढे काहीच नव्हता.

तुम्ही असं करा. टूरच्या होड्या लागतात तिथे जाऊच नका. आदल्या संध्याकाळी देवबागात ज्याच्याकडे जेवाल त्यालाच विचारा, गावातला कोणीतरी सकाळी जाळी बघायला निघणारा असतो. दर होडीचा ठरवा, माणशी नको. आणि आठच्या आत. नऊनंतर पर्यटकांच्या गाड्या आल्या की तुम्हीही पर्यटक. लाईफ जॅकेट मागून घ्या. मुखाशी नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांना भिडतं, तिथे होडी चांगलीच हलते.

तंबू कुठे लावावा, यावर माझं मत सरळ आहे. तारकर्ली-देवबागला लावू नका. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घराला घर लागून. पुळणीवर रात्री बारापर्यंत स्पीकर. तिथे एकाने ‘बीच कॅम्पिंग’ म्हणून माणशी पंधराशे सांगितले. बघायला गेलो तर त्याच्या घरामागच्या वाडीत, माडांच्या बुंध्याशी, शेजारी शेजारी लावलेले तंबू, आणि समुद्र दोन घरांपलीकडे. माडाखाली तंबू हा मूर्खपणा आहे. नारळ पडतो तेव्हा विचारून पडत नाही, आणि झावळी पडली तरी तंबूचा दांडा गेला समजा.

भोगवे मस्त. लांब, रुंद, रात्री माणूस नाही. गावात विचारून लावा, आम्हाला कोणी नाही म्हटलं नाही, फक्त एकाने हाताने रेघ दाखवली: "हेच्या खाली नको, रापण येतली." रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. ती रेघ पाळा. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते आणि ऑक्टोबरात या किनाऱ्यावर रापणी जोरात असतात. पहाटे पाचला दोरखंडाच्या दोन टोकांना गाव लागलेलं आणि मधोमध तुमचा तंबू, असं व्हायला नको. त्यापेक्षा उठून दोर ओढायला हात लावा. आम्ही लावला, वाट्याला बांगडे आले. या दिवसांत बांगडा मुबलक. हॉटेलात सुरमईसाठी अडून बसू नका.

निवती दिसायला सगळ्यात देखणं, राहायला नाही. बंदराजवळ वास आणि माश्या. पण संध्याकाळी किल्ल्यावर जरूर जा. अंधार पडला की समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सवरच्या दीपगृहाचा दिवा फिरताना दिसतो. गुहेत राहणाऱ्या पाकोळ्यांची ती बेटं. तेवढ्यासाठी तीन तासांचं दुखणं थोडं कमी झालं. थोडंच.

पुढे खवणे, वेंगुर्ला, सागरेश्वर, मोचेमाड, आरवली. चांगलं होतं सगळं. मोचेमाडला खाडीच्या बाजूने डोंगरावरून दिसणारं दृश्य फोटोत येतं तसंच आहे. आरवलीला वेतोबाच्या देवळात त्याला वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला बघितल्या. आमची पायताणं तोवर कालवांनी फाडलेली, त्यामुळे जरा हेवाच वाटला. सागरेश्वरच्या सुरूच्या बनात झोप छान लागते, मात्र खाली पडलेल्या सुरूच्या काड्या बारुदासारख्या पेटतात, तिथे चूल नको म्हणजे नको. शिरोड्याला वेळागरचा किनारा शनिवार-रविवार सोडून गाठा. १९३० च्या सत्याग्रहाची मिठागरं गावाच्या आतल्या बाजूला आहेत, ऑक्टोबरात ती पाण्याखाली दिसतील. मीठ बघायचं तर उन्हाळ्यात या.

हवेबद्दल. ‘ऑक्टोबरात कोकण हिरवंगार आणि गार’ असं लिहिणाऱ्यांनी दुपारी बाराला पुळणीवर अनवाणी उभं राहून दाखवावं. हिरवंगार खरं, गार खोटं. पारा चौतीस-पस्तीस, अंगावर घामाचा थर, आणि परतीचा पाऊस पूर्ण गेला नसेल तर चार वाजता पूर्वेला सह्याद्रीवर काळं होतं. ते दिसलं की सड्यावरून खाली उतरा. वीज सड्यावर पडते, आणि तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. कोजागिरीनंतर आणि दिवाळीच्या आधीचे दिवस सर्वांत चांगले. त्याआधी पाऊस, त्यानंतर गर्दी आणि दुप्पट दर. थंडी हवी असेल तर सरळ डिसेंबरात या.

पाणी माणशी चार लिटर. भोगव्यानंतर सड्यावर एक थेंब मिळत नाही. विहिरीचं पाणी मागितलं तर कोणीही देतं, पण उकळून किंवा गोळी टाकून प्या. पायाला जखम असेल तर शेताच्या साचलेल्या पाण्यातून चालू नका; कापणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण निघतात, आणि कालवांनी कापलेला पाय म्हणजे त्याला उघडं दारच.

वाळूत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. दुकानातल्या जाहिरातीतली ‘सँड पेग’ नावाची महागडी वस्तू आम्ही नेली होती, पहिल्याच रात्री निकामी. शेवटी भोगव्याच्या एका काकांनी नारळाची सोडणं, म्हणजे सोललेली सालं, दिली. दोरी सोडणाच्या मध्यभागी आवळून बांधायची, हातभर खड्डा करून ते आडवं पुरायचं, वरून ओली वाळू पायाने दाबायची. फुकट, आणि हललंसुद्धा नाही. तंबूचं तोंड समुद्राकडे करण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण दिवसाचे खारे वारे रात्री पडतात आणि मतलई वारा जमिनीकडून सुटतो, तेव्हा मागची जाळी उघडी ठेवा, नाहीतर आत घुसमटाल. वरचं कव्हर काढून झोपू नका, पहाटे दव इतकं पडतं की पाऊस पडला असं वाटतं. चपला आत घ्या. कुत्री नेतात. एकच नेतात, त्याचा जास्त राग येतो.

गॅसचे छोटे डबे रेल्वेत नेता येत नाहीत, तपासणीत सापडले तर दंड होतो. गावोगाव जेवण मिळतं, फक्त दुपारीच सांगून ठेवावं लागतं. रात्री आठला दारात उभं राहून थाळी मिळणार नाही. देवबागात थाळीचा दर ताट समोर आल्यावर सांगितला गेला. आधी विचारा.

यायला कुडाळ स्टेशन, तिथून मालवणला एसटी. परतताना शिरोड्याहून एसटीने सावंतवाडी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आसपासचं पहिल्या काही मिनिटांत संपतं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातच बदलतं, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी पुन्हा बघून घ्या. जाताना छापून घेतलेल्या वेळेवर विसंबू नका.

गाडी घेऊन येणार असाल तर ती पुळणीवर घालू नका. भोगव्याला आमच्यासमोर एक एसयूव्ही चाकाच्या आसापर्यंत रुतली, ‘फोर बाय फोर आहे’ म्हणत होता. ट्रॅक्टर आला, तीन हजार ठरले, अडीचवर सुटका झाली. पाणी चढत असलं की दर वाढतो, हेही तिथेच कळलं.