एका पीडीएफसाठी अडलेली विद्यार्थ्यांची जागा: नेदरलँड्समधल्या शाळेचा माझा अनुभव

आधीच सांगते, शाळेच्या एमआर नावाच्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या जागेसाठी माझी लेक उभी राहिली, ती निवडणूक अवघड नव्हती. फॉर्म अवघड नव्हता. मतदान तर आरामात उरकलं. अडलं ते फक्त त्या परिषदेच्या नियमावलीच्या एका पीडीएफवर, आणि ती पीडीएफ शाळेच्या ऑफिसातून बाहेर काढता काढता अख्खा हिवाळा गेला. अजून आठवलं की चिडचिड होते, म्हणून सविस्तर लिहितेय. इथे आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता हायस्कूलला पोचलीयेत आणि शाळेच्या निर्णयांत मुलांना कायद्याने जागा आहे हेच कित्येक आईबापांच्या कानावर आलेलं नसतं.

तर एमआर म्हणजे काय. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २००७ पासून शाळेच्या कारभारातल्या सहभागाचा कायदा आहे. प्रत्येक शाळेत एमआर नावाची परिषद असावीच लागते, अर्ध्या जागा शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या आणि उरलेल्या अर्ध्या हायस्कूलमध्ये पालक आणि विद्यार्थी यांच्यात वाटलेल्या. प्राथमिक शाळेत ती अर्धी बाजू पालकांचीच असते. काही विषयांत एमआरचा फक्त सल्ला घ्यायचा असतो, पण काही विषयांत संमतीच लागते, ती मिळाली नाही तर मॅनेजमेंटला तो निर्णय घेता येत नाही, एकतर प्रस्ताव मागे घ्या नाहीतर उट्रेख्टला जो राष्ट्रीय तंटा आयोग आहे त्याच्याकडे जा. आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेअरलिंगेनस्टाट्यूट, विद्यार्थ्यांचे हक्क आणि कर्तव्यं लिहिलेला दस्तऐवज, जो शाळेने दर दोन वर्षांनी ठरवायचा असतो, त्याला संमती द्यायचा हक्क विद्यार्थी सदस्यांचा आहे. पंधरा-सोळा वर्षांची पोरं हेडमास्तरांना नाही म्हणू शकतात आणि ते नाही मोजलं जातं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच भारी वाटलं. आमच्या साताऱ्याच्या शाळेत मॉनिटर असायचा, त्याला सर नेमायचे आणि त्याचं काम काय तर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची.

माझी लेक हायस्कूलच्या चौथ्या वर्गात, व्हीडब्ल्यूओला, म्हणजे विद्यापीठाची तयारी करून घेणाऱ्या सहा वर्षांच्या शाखेत. तिला यात शिरायचं होतं ते उशिराच्या नियमासाठी. त्यांच्या शाळेत पहिल्या तासाला एक मिनिट जरी उशीर झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आठला कॉन्शियर्जच्या, म्हणजे शाळेची देखरेख करणाऱ्या माणसाच्या, खिडकीशी जाऊन नाव नोंदवायचं, मग त्या दिवशी तुमचा पहिला तास दहाला का असेना. पोरगी रोज सायकलने लांबून येते, इथला समोरून येणारा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको, आणि वाटेत कालव्यावरचा पूल उघडला की बोट जाईपर्यंत सगळे सायकलवाले थांबलेले. हा नियमही त्या लेअरलिंगेनस्टाट्यूटमधलाच, आणि आता त्याच्या नव्या मसुद्यात तेच एका दिवसाऐवजी दोन दिवस करायचं घाटत होतं. विद्यार्थी मंडळात, म्हणजे लेअरलिंगेनरादमध्ये, ती आधीच होती, तिथे यावर भरपूर चर्चा झाली, पण ते मंडळ फक्त मत देऊ शकतं. संमती हवी तर एमआरच.

म्हणून ती टीमलीडरकडे, म्हणजे त्यांच्या वर्गांच्या प्रमुखांकडे, गेली. उत्तर आलं, विद्यार्थ्यांच्या जागा भरलेल्या आहेत. शाळेच्या साइटवर बघितलं तर विद्यार्थ्यांच्या रकान्यात एकाच मुलाचं नाव, आणि पालकांच्या रकान्यात नेहमीपेक्षा एक पालक जास्त. म्हणजे जागा भरलेली होती खरी, पण पालकाने. कायद्यात तशी सोय आहे, पुरेसे विद्यार्थी उभे राहिले नाहीत तर पालक ती जागा घेऊ शकतात आणि उलटही. पण किती काळ, आणि मध्येच एखादं मूल तयार झालं तर काय, हे प्रत्येक शाळेच्या एमआरच्या नियमावलीत असतं. तीच नियमावली साइटवर नव्हती. लिंक होती, क्लिक केलं की पान सापडत नाही असा मेसेज.

इथून सुरू झालं ते. मी शाळेच्या सर्वसाधारण मेल आयडीवर साधं मेल टाकलं की एमआरची नियमावली पाठवाल का. ऑटोमॅटिक रिप्लाय आला. मग काहीच नाही. पुन्हा मेल. मग उत्तर की तुमचा प्रश्न संबंधित सहकाऱ्याकडे पाठवलाय. कोण सहकारी, ते नाही. फोन केला तर त्या सहकारी बाई फक्त सोमवारी आणि गुरुवारी सकाळी असतात. सोमवारी फोन केला तर त्या मीटिंगमध्ये. गुरुवारी त्या भेटल्या, अगदी गोड बोलल्या, आणि म्हणाल्या की विद्यार्थ्यांच्या जागेचा विषय आहे ना, मग विद्यार्थिनीने स्वतः मेल करायला हवं, आम्ही यात पालकांशी बोलत नाही. मला ते पटलंही, मुलांनी स्वतःचं स्वतः करावं ही इथली पद्धत चांगलीच आहे. लेकीने त्याच संध्याकाळी सुंदर डचमध्ये मेल लिहिलं, मॅगिस्टर या शाळेच्या ऑनलाइन सिस्टिमवरूनही मेसेज टाकला. तिला काय उत्तर यावं? अशा कागदपत्रांसाठी कृपया तुमच्या पालकांना आमच्याशी संपर्क करायला सांगा.

वाचून माझं डोकंच फिरलं. एकाच खिडकीतून आईला सांगायचं मुलीला पाठवा आणि मुलीला सांगायचं आईला पाठवा. मधे नाताळची सुट्टी आली, मग परीक्षांचा आठवडा, मग कार्निवलची सुट्टी, आणि दर सुट्टीनंतर विषय जणू नव्याने सांगावा लागायचा. मी एकदा प्रत्यक्ष जाऊन आले. रिसेप्शनच्या काउंटरवर त्या बाईंनी कॉम्प्युटरवर शोधलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली, आणि मला दिसत होतं की फोल्डरमध्ये फाइल आहे, नावासकट आहे, पण ही पाठवायला चालेल का हे विचारावं लागेल म्हणाल्या. नियमावली! त्यात कोणाचं गुपित असणार? नवऱ्याचं म्हणणं की सोड, पुढच्या वर्षी बघू. पण उशिराच्या नियमाचा मसुदा याच वर्षी पास होणार होता ना.

या वाट बघण्याच्या दिवसांत मी ओळखीपाळखीच्यांना विचारत सुटले की तुमच्याकडे कसं चालतं. माझ्या नणंदेचा मुलगा व्हिएन्नाला शिकतो, तो त्याच्या शाळेचा उप-विद्यार्थी प्रतिनिधी आहे. त्यांच्याकडे वरच्या वर्गांच्या शाळांत एक समिती असते, ३ शिक्षक, ३ पालक, ३ विद्यार्थी, हिशोब एकदम सरळ, आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच निवडणुका होऊन जातात त्यामुळे प्रत्येक मुलाला ते ठाऊकच असतं. फ्रान्समध्ये ल्याँला मैत्रीण आहे, तिची मुलगी वर्गाची निवडून आलेली प्रतिनिधी, दर वर्गात असे २, आणि तिमाहीच्या शेवटी शिक्षक जेव्हा प्रत्येक मुलाच्या प्रगतीवर बोलायला बसतात त्या बैठकीला हे दोघंही बसतात. मला तर ऐकूनच दडपण आलं, सोळाव्या वर्षी मित्रांच्या मार्कांवरची चर्चा ऐकायची आणि त्यांची बाजूही मांडायची. डब्लिनच्या मैत्रिणीकडचं याच्या उलट, तिथे १९९८ च्या शिक्षण कायद्याने विद्यार्थी परिषद काढायचा हक्क आहे आणि शाळेच्या बोर्डाने त्याला मदत करायची आहे, पण त्या बोर्डावर मात्र मुलांना खुर्ची नाही. एवढं सगळं ऐकून माझं मत असं झालं की कागदावर आमच्या डच मुलांचा हक्क बराच दणकट आहे, पण व्हिएन्नाच्या पोराला जे पहिल्याच महिन्यात आपसूक कळतं ते इथे आम्हाला खणून काढावं लागलं, आणि माहितीच नसेल तर मुलं उभी राहत नाहीत, मग जागा पालकांकडे जाते, आणि मग म्हणायला मोकळे की मुलांना रस नाही.

शेवटी गाठ सोडवली ती लेकीनेच. लाक्स नावाची इथली शाळकरी विद्यार्थ्यांची देशपातळीवरची संघटना आहे, १९८४ पासूनची. मे महिन्यात बोर्डाच्या परीक्षा चालू असतात तेव्हा तक्रारींसाठी त्यांची लाइन असते, हल्ली तक्रारी लाखांच्या घरात जातात आणि बातम्यांत येतं, त्यामुळे बऱ्याच जणांना फक्त तेवढंच माहीत. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये शाळेत वर्षाला १०४० तास शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध मुलं रस्त्यावर उतरली होती तेव्हाही हेच पुढे होते. पण हक्कांबद्दल एरवीही त्यांना विचारता येतं. लेकीने मला न सांगता फोन केला. तिला सांगण्यात आलं की तू ऑफिसला विचारतेयसच कशाला, निवडणूक घेणं हे एमआरचं स्वतःचं काम आहे, एमआरच्या सेक्रेटरीला लिही.

एमआरचे सेक्रेटरी निघाले त्यांचेच भूगोलाचे सर. तिने त्यांना वर्गाबाहेर गाठलं, त्याच संध्याकाळी पीडीएफ मेलमध्ये. मी जेवण टाकून वाचायला बसले. स्पष्ट लिहिलं होतं की पालकाने घेतलेली विद्यार्थ्याची जागा पुढच्या निवडणुकीपर्यंतच त्यांची, आणि पुढची निवडणूक याच वसंतात होती. म्हणजे "भरलेली आहे" हे उत्तर अर्धंच होतं. सरांनी तर उलट सांगितलं की ते स्वतः दोन वर्षं मुलं शोधतायत, विचारायला कुणी येतच नाही. त्यांना माहीतच नव्हतं की ऑफिसच्या पायरीवर एक पोरगी इतके आठवडे उभी आहे.

त्यापुढचं सगळं झटपट. दोन जागांना तीन उमेदवार झाले म्हणून मतदान झालं, नाहीतर जागांइतकेच उमेदवार असतील तर मतदानाशिवायच निवड होते. लेक निवडून आली. मी घरी श्रीखंड केलं.

आता जे जे आठवतंय ते सांगते. मीटिंगचे कागद आधी मागून घ्या, कारण शिक्षक सदस्यांना ते कामाच्या वेळेत वाचायला मिळतात आणि मुलांना मात्र परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढावा लागतो. लेकीला पहिल्या वेळी जाडजूड गठ्ठा मीटिंगच्या आदल्या दिवशी आला, तिने नम्रपणे लिहून कळवलं, नंतर वेळेत यायला लागला. मीटिंगच्या तारखा ठरवतानाच परीक्षांच्या आठवड्यांची यादी पुढे करा. ट्रेनिंग असतं, तेही घ्या, त्याचा वाजवी खर्च शाळेकडून मिळतो, आपल्या खिशातून भरू नका. आणि एमआरमध्ये बोलल्यामुळे मुलाला शाळेत त्रास देता येत नाही, कायद्यात तसं संरक्षण आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा. आपली मुलं घरी धीट असतात पण सरांसमोर मोठ्यांचा मान राखायचा म्हणून गप्प बसतात, मान राखूनही नाही म्हणता येतं.

हो, आणि पालकांनाही एक. ऐच्छिक वर्गणीची रक्कम आणि ती कशावर खर्च करायची याला पालक सदस्यांची संमती लागते, आणि १ ऑगस्ट २०२१ पासून वर्गणी भरली नाही म्हणून मुलाला सहलीतून किंवा कार्यक्रमातून वगळता येत नाही. बऱ्याच घरांत ती फी समजून भरतात.

उशिराच्या नियमाचं काय झालं ते राहिलंच. मसुदा आला, दोघा विद्यार्थी सदस्यांनी संमती दिली नाही, पण नुसतं नाही म्हणून थांबले नाहीत. लेकीने वर्गावर्गांतून मुलांना विचारून कोण किती लांबून येतं, कुठल्या पुलावर किती थांबावं लागतं याची कागदावर यादी केली होती, पेनाने आखलेले रकाने, ती तिने टेबलावर ठेवली. उपमुख्याध्यापकांनी ती बराच वेळ वाचली म्हणे. पुढच्या मीटिंगला नवीन प्रस्ताव आला. आता महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला तरच आठला यायचं, आणि पहिला तास उशिरा असेल तर त्याच्या आधी पंधरा मिनिटं आलं तरी चालतं. याला दोघांनीही संमती दिली. शिक्षकांतले दोघंतिघं नाराज होते, त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, रोज वर्गाचं दार मधेच उघडलं की शिकवण्याची लय जाते. पण हे टेबलावर समोरासमोर बोललं गेलं, मला त्याचंच जास्त अप्रूप वाटलं.

मुलांना उभं करायचं असेल तर नाताळच्या आधीच एमआरच्या सेक्रेटरीचं नाव शोधून थेट त्यांना लिहा, ऑफिसला नाही. उमेदवारीची मुदत साधारण वसंतात असते आणि ती मॅगिस्टरवरच्या एका छोट्याशा नोटीसमध्ये येऊन जाते. लेक पुढच्या वर्षी पाचवीत, त्यानंतर बोर्डाचं वर्ष, तेव्हा ती सोडणार म्हणतेय, म्हणून तिने आत्तापासूनच तिसरीतल्या दोघांना मीटिंग ऐकायला सोबत न्यायला सुरुवात केलीये. त्यांच्या नियमावलीप्रमाणे बैठका सगळ्यांसाठी खुल्या आहेत, तेही त्या पीडीएफमध्येच होतं, आणि साइटवरची लिंक आता चालू आहे.