ऑफाज डाइक: ना तट, ना बुरूज

सह्याद्रीतले किल्ले बघत वाढलेल्या माणसाला ऑफाज डाइक पहिल्यांदा बघताना चक्क फसवल्यासारखं वाटतं. ना तट ना बुरूज, गवताने झाकलेला मातीचा लांबच लांब बांध, कडेने खंदक, वर मेंढ्या आरामात चरतायत. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर असा सुमारे 80 मैल बांध अजून शिल्लक आहे. त्यातला मला आवडतो तो सीमेवरच्या नायटन गावाच्या उत्तरेचा, लॅनफेअर हिलवरचा तुकडा, साधारण 430 मीटर उंचीवर.

तिथे उभं राहिलं की खरी गंमत कळते. खंदक पश्चिमेला, म्हणजे वेल्सच्या बाजूला, आणि खणलेली माती पूर्वेला टाकून बांध रचलाय, त्यामुळे पलीकडून येणाऱ्याला आधी खड्ड्यात उतरायचं आणि मग चढायचं. रेषाही बऱ्याच ठिकाणी अशी धरलीय की बांधावरून वेल्सचा मुलूख लांबपर्यंत दिसतो. आता एवढ्या लांबीवर कायमचा पहारा कोण ठेवणार? मला तरी हे लढाईपेक्षा गुरं पळवणाऱ्यांना अडवायला आणि 'इथून पुढे माझं राज्य' हे ठणकावून सांगायला केलेलं काम वाटतं.

सांगणारा ऑफा, मध्य इंग्लंडमधल्या मर्शिया राज्याचा राजा, कारकीर्द इ.स. 757 ते 796. हौशी माणूस असणार, कारण त्याने अब्बासी खलिफाच्या दिनारची नक्कल करून सोन्याचं नाणं पाडलं आणि त्यावरच्या अरबी अक्षरांच्या मध्ये स्वतःचं नाव उलटं छापलं! बांध त्याने 'समुद्रापासून समुद्रापर्यंत' बांधला असं ॲसर नावाच्या बिशपने शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलंय, पण बांध काही असा सलग सापडत नाही. शिवाय सीमेजवळच्या चर्क गावाजवळ बांधाखालच्या मातीचं कार्बन डेटिंग केलं तर ती पाचव्या ते सातव्या शतकातली निघाली, म्हणजे निदान काही काम ऑफाच्या आधीच सुरू झालेलं असू शकतं. त्याच चर्कजवळ 2013 मध्ये बांधाचा एक तुकडा चक्क सपाट केला गेला, संरक्षित असूनही. संताप येतो.

जायचं असेल तर ट्रेनने नायटनला उतरा (स्टेशन इंग्लंडमध्ये, गाव वेल्समध्ये, ही आणखी एक मजा) आणि नदी ओलांडून पॅनपंटन हिलचा खडा चढ धरा, सुरुवातीलाच दम निघतो. ऊन तिरपं असताना गेलात तर खंदक जास्त उठून दिसतो, आणि प्लीज बांधाच्या माथ्यावरून चालू नका, बुटांनी माती सुटते, शेजारून वाट आहे तिथे तिनेच जा.